‘हे किती दिवसांत सुटेल?’

मन बिनसलं की खात सुटणारी माणसं माझ्याकडे उपचारांच्या पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारतात. त्यांना एक तारीख हवी असते. त्या तारखेनंतर रात्री डबे उघडायचे नाहीत, वजन उतरलेलं असेल, आरशासमोर उभं राहताना लाज वाटणार नाही. मी तारीख देत नाही. का देत नाही, ते फोंडा तालुक्यातल्या एका शिक्षिकेच्या अनुभवावरून सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

बाई चाळिशीतल्या, मराठी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. नवऱ्याची नोकरी वास्कोला, त्यामुळे तो घरी यायचा तो दमूनच. निजानीज झाली की बाई ओट्यापाशी उभ्या राहून खायच्या. संध्याकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेले पाव, शेव, बिस्किटं, हाताला लागेल ते. “भूक नसते हो मॅडम. पोट दुखेपर्यंत खाते आणि मग स्वतःचीच किळस येते.”

मी आठवडाभराचं खाणं वहीत लिहून आणायला सांगितलं. वही वाचली आणि त्या ‘भूक नसते’वरचा माझा विश्वास उडाला. सकाळी कोरा चहा. मधल्या सुट्टीत काही नाही. दुपारी भात बंद, कारण वजन. सगळ्यांच्या पानात हुमण-भात (माशाची आमटी आणि भात) वाढायचा आणि आपण काकडी चावत बसायचं, हे गोव्याच्या घरात रोज करून बघा! रात्रीच्या खाण्यात दुःख होतं, एकटेपणा होता, सासूबाईंच्या आजारपणाचा शीणही होता. पण दिवसभर मारलेली भूकसुद्धा होती, आणि तिच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

म्हणून मनाच्या आधी जेवणाला हात घातला. तीन जेवणं, मध्ये दोनदा थोडं काही, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. अनावर खाण्यावरच्या उपचारांत ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी ही पायरी अगदी सुरुवातीला ठेवली आहे. बाई घाबरल्या. “दुपारचा भात सुरू केला तर मी फुटेन.” मी म्हटलं, महिनाभर वजनाचा काटा माळ्यावर टाका आणि भात खा. काटा माळ्यावर गेला नाही, कपाटामागे गेला, तेवढंही चाललं. रात्रीची ओढ लगेच सौम्य झाली असं नाही, पण ती रोजची राहिली नाही.

मग आली चतुर्थी. गणपतीवर फळं-पानं टांगायची माटोळी बांधण्यापासून पाहुण्यांच्या पंगतींपर्यंत सगळं त्यांच्यावर, त्यातच सासूबाईंचं करायचं. विसर्जन झालं, माणसं पांगली, आणि त्या रात्री बाईंनी नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा जवळजवळ रिकामा केला. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून काहीच खाल्लं नाही. रात्री पुन्हा तेच.

“सगळं शून्यावर आलं,” त्या आल्या आल्या म्हणाल्या.

हे वाक्य मी फार ऐकते. ‘एकदा मोडलंच आहे, आता काय उरलं’ या विचाराचा अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी व्यसन सोडणाऱ्यांमध्ये केला होता. एका चुकीने माणूस जितका घसरत नाही, तितका त्या चुकीचा जो अर्थ तो लावतो त्याने घसरतो. म्हणून नेवऱ्या किती खाल्ल्या हे मी विचारलंच नाही. विचारलं ते इतकंच की दुसऱ्या दिवशी सकाळी काय खाल्लं. सगळी ग्यानबाची मेख तिथेच होती. नेवऱ्यांच्या रात्रीमागे दमणूक होती. त्यानंतरच्या रात्रीमागे उपाशी दिवस होता.

त्यावर त्यांनी विचारलं, “मग माझा सोमवार?” त्या श्रावणातच नव्हे, वर्षभर सोमवार करायच्या. उपास सोडा म्हणणं मला सोपं होतं, पण ते त्यांना पटलं नसतं आणि माझा तो अधिकारही नव्हे. बोलता बोलता त्यांनीच वाट काढली: सोमवार देवासाठी, तोही वेळेवर फळं आणि साबुदाणा घेऊन; जास्त खाल्लं म्हणून केलेला उपास मात्र बंद. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी असा कुठलाही उपास डॉक्टरांना विचारूनच करावा.)

आता अपेक्षांचं. ‘२१ दिवसांत सवय बदलते’ हे लोक इतक्या खात्रीने सांगतात की जणू पंचांगातच लिहिलंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नव्हता. तेही एखादं फळ खाण्यासारख्या किरकोळ गोष्टींत. इथे तर वर्षानुवर्षांचा एकमेव विसावा सोडायचा आहे. दुसरं म्हणजे या उपचारांनी अनावर खाणं बऱ्याच जणांचं कमी होतं, पण वजन फारसं उतरत नाही. हे मी आधीच सांगते. काही जण त्यानंतर येत नाहीत, पण खोट्या आशेवर त्यांना धरून ठेवण्यापेक्षा ते परवडलं.

आणि जत्रेत घेतलेलं खाजं सगळ्यांनी मिळून आनंदाने संपवलं, तर तो आजार नव्हे. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबवता येत नाही, असं तीन महिने सरासरी आठवड्यातून एकदा तरी होत असेल, किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढली जात असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

बाई अजून येतात. रात्रीचं खाणं संपलेलं नाही. महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी होतं, बहुतेक सासूबाईंची तब्येत बिघडली की. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोळी-भाजी खाऊन शाळेत जातात. नणंद आता शनिवार-रविवार आईजवळ राहते, त्याचा उपयोग माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त झाला असावा. नवऱ्याचा प्रश्न मात्र कायम आहे: एवढे महिने जातेस, वजन किती उतरलं? पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या, असं मी सांगितलंय.