भीती आहे, पण ती समलिंगी माणसाची नव्हे

आपण विचारले आहे की समलिंगी माणसांविषयी समाजात जो पूर्वग्रह दिसतो, तो भीतीपोटी असतो की असहिष्णुतेपोटी. माझा धाकटा भाऊ समलिंगी आहे आणि आमचे घर वेंगुर्ले तालुक्यातल्या एका लहानशा वाडीत आहे, त्यामुळे हा प्रश्न मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिला. माझे उत्तर असे की भीती खरी असते, पण ती समलिंगी माणसाची नसते. त्याच्या आप्तांना ती इतर लोकांची वाटत असते. असहिष्णुता मात्र बहुतेक वेळा अशांकडून येते, ज्यांना कसलीच भीती नसते.

‘होमोफोबिया’, म्हणजे समलिंगी माणसांचा भयगंड, हा शब्द जॉर्ज वाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात घडवला आणि १९७२ साली आलेल्या त्याच्या पुस्तकामुळे तो रूढ झाला. तोपर्यंत समलिंगी माणसात काय बिघडले आहे याचीच चर्चा होत असे. त्याला दूर लोटणाऱ्यांच्या मनात काय चालते ते पाहा, असे वाइनबर्गने म्हटले, हे त्याचे मोठे ऋण आहे. मात्र पुढे ग्रेगरी हेरेक यांच्यासारख्या अभ्यासकांनी या शब्दातल्या ‘भयगंडा’वर आक्षेप घेतला आणि तो मला पटतो. समुद्राची धास्ती बसलेला माणूस पाण्यात उतरत नाही, आणि आपली धास्ती अवाजवी आहे हे बहुधा त्याला स्वतःलाही कळत असते. समलिंगी माणसाचा राग करणारा दूर जात नाही. तो उलट त्याच्या वाटेवर येऊन उभा राहतो आणि आपण करतो ते योग्यच आहे, अशी त्याची खात्री असते.

आता घरातली भीती सांगतो. २०११च्या मे महिन्यात, काजूचा हंगाम संपत आला असताना, भावाने आईला आणि मला पडवीत बसवून सगळे सांगितले. आई काजू निवडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही, हातही थांबवला नाही, फक्त चांगले आणि किडके एकाच डब्यात टाकू लागली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “माका तुजी भीती वाटणा नाय रे. पण लोकांका काय सांगू?” मला आजही वाटते की आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या वाक्यात आहे.

या ‘लोकांना’ किरकोळ समजू नये. भावकीने तोंड फिरवले तर मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही, लग्नकार्याची अक्षत दारात येत नाही, चतुर्थीत भजन शेजारच्या घरी होऊन आपले घर ओलांडून पुढे जाते. वाळीत टाकणे ही कोकणातली जुनी कथा नाही. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी सातत्याने येत राहिल्या आणि महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्या गावात माणसाचे जगणे-मरणे चार घरांच्या येण्याजाण्यावर चालते, तिथे आईची भीती अज्ञानातून आली असे मी म्हणणार नाही. तरीही त्या भीतीने आमच्या हातून जे करवले ते क्रूर होते, हे मला मान्य केलेच पाहिजे. आम्ही त्याला एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडे नेले आणि त्यांनी ‘हे बरे होईल’ असे सांगून सहा महिने औषधे दिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती, आणि असल्या ‘उपचारां’ना आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवले, पण तेव्हा आम्ही विचारले नाही आणि डॉक्टरांनीही सांगितले नाही. त्यानंतर मी स्वतः त्याच्यासाठी एक स्थळ आणले. त्या मुलीच्या आयुष्याचे काय होईल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. भावाने नकार दिला, मुंबई गाठली आणि पुढे बरीच वर्षे तो चतुर्थीला घरी आला नाही. तो पुरुष होता म्हणून त्याला निदान निघून जाता आले. हीच गोष्ट एखाद्या मुलीने सांगितली असती तर आम्ही तिला एकटीने मुंबईची गाडी धरू दिली असती का, याचे उत्तर मला माहीत आहे आणि त्याची लाज वाटते.

आता दुसरी बाजू. पुरुषातल्या बायकीपणाची लोकांना मुळातच भीती वाटते, असे एक स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. आमच्याकडे जत्रेत रात्रभर दशावतार चालतो आणि त्यातली सगळी स्त्रीपात्रे पुरुषच करतात. कलाकार आपली रंगरंगोटी आपल्या हाताने करतो, नऊवारी नेसतो, आणि त्याने पुत्रवियोगाचा विलाप सुरू केला की देवळासमोर बसलेले दांडगे पुरुष डोळे पुसतात. तिथे कोणी घाबरत नाही आणि कोणी हसतही नाही. माझ्या भावाच्या चालण्याची नक्कल करून नाक्यावर हशा पिकवणाऱ्या एका माणसाला मी अशाच नाटकात पुढे होऊन स्त्रीपार्टी नटाच्या हातात बक्षीस देताना पाहिले आहे. पहाटे रंग उतरेल, साडी पेटीत जाईल आणि नट घरच्या बायकामुलांत परतेल, हे ठरलेले असते तोवर त्याला सगळे चालते. जो माणूस उजाडल्यावरही स्वतःसारखाच राहू इच्छितो, तो चालत नाही. हे मला भय वाटत नाही. दुसऱ्याने कसे जगावे हे ठरवण्याचा हक्क आपला आहे, असे मानणे आहे, आणि त्याला असहिष्णुता हेच नाव योग्य आहे.

या हक्काला कायद्याचे पाठबळही होते. इंग्रजांनी १८६० साली दंडविधानात घातलेले कलम ३७७ समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली काढून घेतला आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले.

त्या वर्षी चतुर्थी १३ सप्टेंबरला होती. निकालाच्या दिवशी आम्ही घराला रंग देत होतो. संध्याकाळच्या बातम्या पाहून आईने मलाच विचारले, “आता तो येयत?” मी फोन केला आणि तो आला.

दुसऱ्या रात्री भजन आले. आमच्या भावकीतले सर्वांत वडील गृहस्थ त्या मंडळाचे बुवा आहेत, आणि खरे सांगायचे तर सात वर्षे आम्ही ज्या ‘लोकांना’ भीत होतो त्यांचा चेहरा आमच्या मनात त्यांचाच होता. भाऊ लहानपणी त्यांच्याच हाताखाली पखवाज शिकला होता. ते ओटीवर चढले, त्याला पाहिले, पखवाज त्याच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाले, “कणीक लाव आनी बस.” भावाने डाव्या पुडीवर कणीक थापली, थाप मारून पाहिली, थोडी काढली, पुन्हा पाहिली. पहिला अभंग सुरू झाला. आम्ही ज्याला इतके घाबरलो, त्या माणसाला आम्ही कधी काही विचारलेच नव्हते. त्याच रात्री उसळ-पाव वाढताना खळ्यातून ऐकू येईल असा घाणेरडा शेरा मारला, तो पुण्यात शिकलेल्या पंचविशीतल्या मुलाने. त्याला ना भावकी सांभाळायची होती, ना कोणाला जाब द्यायचा होता.

समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला, त्यामुळे भावाच्या जोडीदाराला कागदावर आजही नाते नाही. तो आता दर चतुर्थीला आमच्याकडे येतो. पहिल्या वर्षी आईने शेजारणीला ‘मुंबईचो मित्र’ असे सांगितले होते. गेल्या वर्षी तीच शेजारीण दुर्वा घेऊन आली तेव्हा आई म्हणाली, “ह्यो आमच्या धाकल्याबरोबर रवता,” आणि चहा ठेवायला आत गेली. शेजारीण त्याच्याशेजारी बसली आणि दुर्वांच्या जुड्या बांधू लागली.