बारावीनंतर सैन्यात जावे का? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी असलेले खडकवासला जवळ असल्याचा परिणाम असेल, पण पुण्यातील पालक आणि विद्यार्थी सैन्यातील प्रवेशाविषयी सतत विचारत असतात. अलीकडच्या पत्रांपैकी काहींचा सारांश आणि उत्तरे पुढे देत आहे. वयोमर्यादा, जागा आणि तारखा दर जाहिरातीत बदलू शकतात, म्हणून त्या मूळ अधिसूचनेतच पाहाव्यात. येथे भर आहे तो चाचण्या नेमके काय तपासतात आणि निर्णय कशाच्या आधारे घ्यावा, यावर.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. एका खासगी केंद्रात केलेल्या कलचाचणीत तिला ‘संरक्षण सेवा’ या क्षेत्रात सर्वांत जास्त गुण मिळाले. त्यावरून अकरावीची शाखा ठरवावी का? (एक आई, सिंहगड रस्ता)

उत्तर : केवळ त्या अहवालावरून ठरवू नये. कलचाचणीत ‘तुम्हाला मोकळ्या मैदानात काम करायला आवडेल का’, ‘गटाचे नेतृत्व करायला आवडेल का’ अशा स्वरूपाचे प्रश्न असतात आणि त्यांच्या उत्तरांवरून मुलीला आज काय आवडते, एवढेच कळते. राज्य मंडळातर्फे २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी होत असे, तिच्यातही ‘गणवेशधारी सेवा’ हे एक क्षेत्र होते आणि तीदेखील आवडच सांगत होती. अभिक्षमता चाचणी तर्क, अंक, भाषा, आकृत्या हाताळण्याची ताकद मोजते. या दोन्हींपेक्षा निराळी असते ती सैन्यदलाने स्वतः घेतलेली निवडचाचणी. खासगी केंद्राचा रंगीत अहवाल हा तिला पर्याय नाही, मग त्याचे शुल्क कितीही असो.

शाखेचे म्हणाल, तर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या म्हणजे एनडीएच्या भूदल विभागासाठी कोणत्याही शाखेतून बारावी चालते, मात्र नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय लागतात. त्यामुळे गणित जमत असेल तर विज्ञान शाखा घेतल्याने सर्व वाटा मोकळ्या राहतात. गणिताची मनापासून धास्ती असेल तर मात्र हेही लक्षात घ्यावे, की लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचेच असतात आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतात. मुलींसाठी एनडीएची परीक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर खुली झाली आणि पहिल्या तुकडीतील १७ मुलींनी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून दीक्षान्त संचलन केले. राज्य शासनाने नाशिक येथे मुलींच्या एनडीए तयारीसाठी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली असून तिथला प्रवेश दहावीच्या टप्प्यावरच होतो, म्हणून आपल्या मुलीने त्या प्रवेशपरीक्षेकडे याच वर्षी लक्ष ठेवावे.

प्रश्न : मी बारावीत असून एनडीएच्या लेखी परीक्षेची तयारी करत आहे. एसएसबीच्या म्हणजे सेवा निवड मंडळाच्या मानसशास्त्रीय चाचण्यांची ठरावीक उत्तरे पाठ करावीत, असे क्लासमध्ये सांगतात. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे. हे पाठांतर खरोखर उपयोगी पडते का? (एक विद्यार्थी, राजगुरुनगर)

उत्तर : लेखी परीक्षेसाठी क्लास जरूर लाव, एसएसबीची उत्तरे मात्र पाठ करू नकोस. कारण समजून घ्यायचे तर ही निवडपद्धत कशी चालते ते पाहावे लागेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने अधिकारी निवडण्यासाठी जी मंडळे सुरू केली, त्याच धर्तीवर १९४३ मध्ये देहरादून येथे भारतातील पहिले मंडळ आले आणि आजच्या पाच दिवसांच्या मुलाखतीचा सांगाडा तिथूनच आलेला आहे. लेखीला ९०० आणि एसएसबीला ९०० असे समान गुण आहेत. पहिल्या दिवशी बुद्धिमापनाच्या शाब्दिक आणि अशाब्दिक चाचण्या होतात आणि एका अंधूक चित्रावर गोष्ट लिहून गटात चर्चा करावी लागते. या चाळणीत अनेक उमेदवार त्याच दिवशी परततात. पुढे टिकणाऱ्यांना तीन परीक्षक स्वतंत्रपणे पाहतात. मानसशास्त्रज्ञ लेखी चाचण्यांतून पाहतो, मुलाखत घेणारा अधिकारी बोलण्यातून पाहतो आणि गट-चाचणी अधिकारी मैदानावरच्या वागण्यातून पाहतो. मनसा, वाचा, कर्मणा असे याचे वर्णन तिथेच केले जाते. शेवटच्या दिवशी तिघांची टिपणे समोरासमोर येतात.

आता पाठांतराचे काय होते ते बघ. शब्दसाहचर्य चाचणीत ६० शब्द येतात, प्रत्येकी १५ सेकंद मिळतात. ‘पराभव’ असा शब्द आला की एकाच क्लासची मुले ‘पराभव ही यशाची पहिली पायरी आहे’ हेच वाक्य लिहितात. त्याच आठवड्यात ते वाक्य वाचून कंटाळलेल्या मानसशास्त्रज्ञाला त्यातून तुझ्याविषयी काहीही कळत नाही. चित्रकथेच्या चाचणीत एकूण १२ गोष्टी लिहायच्या असतात. प्रत्येक चित्र ३० सेकंद दिसते, लिहायला चार मिनिटे मिळतात आणि शेवटचा पडदा कोरा असतो. हातात पिशवी घेऊन दारात उभी असलेली बाई आणि ओट्यावर बसलेला मुलगा, एवढेच चित्रात असले तरी पढवलेला उमेदवार त्या मुलाला कॅप्टन करतो आणि पुरातून गाव वाचवायला पाठवतो. तुझ्या गोष्टीतला मुलगा आईला रेशनच्या दुकानातून दुसऱ्यांदा परत पाठवल्यावर तहसील कचेरीत अर्ज घेऊन गेला, तिथे काय अडले आणि कसे सुटले, एवढे साधे आणि पटणारे असले तरी पुरे. बारा गोष्टींतून तू अडचणीकडे कसा बघतोस, कामाला कोणाला बरोबर घेतोस आणि काम शेवटाला नेतोस का, हे आपोआप दिसत जाते. पाठ केलेला नायक मैदानावर तुझ्या मदतीला येत नाही. तिथे फळी, दोर आणि पिंप घेऊन लाल रंगाला न शिवता पलीकडे जायचे असते. फळी वीतभर कमी पडते आहे हे ज्याला दिसते, जो ते सांगतो आणि दुसऱ्याची सूचना बरी असेल तर आपली बाजूला ठेवून ओझे उचलायला लागतो, त्याच्याकडे परीक्षकाचे लक्ष जाते. कागदावर धाडसी आणि मैदानावर गप्प, अशी विसंगती तिन्ही टिपणे एकत्र आली की उघडी पडते.

सराव अवश्य करावा, पण तो वेळेत लिहिण्याचा, चार लोकांत बोलण्याचा आणि रोजचे वर्तमानपत्र वाचून मत बनवण्याचा. मराठी माध्यमाचा न्यूनगंड बाळगू नकोस. मुलाखतीत इंग्रजी साधी, छोट्या वाक्यांची असली तरी चालते, अडखळते ते मनात विचारच नसले तर. लेखी प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते, त्यामुळे गणितातील संज्ञा आतापासून त्या भाषांत वाचायची सवय लाव. हवाई दलात वैमानिक व्हायचे असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. त्यासाठीची संगणकीकृत वैमानिक निवडचाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तीत अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा संधी नाही. एसएसबीला मात्र वयात बसेपर्यंत कितीही वेळा जाता येते.

प्रश्न : आमची कोरडवाहू शेती आहे. मला अग्निवीर म्हणून भरती व्हायचे आहे. वडील म्हणतात, चार वर्षांनी परत यावे लागले तर काय करशील? आधी पदवी घ्यावी की आताच भरती व्हावे? (एक विद्यार्थी, इंदापूर तालुका)

उत्तर : वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भरतीच्या आधी द्यायचे आहे, नंतर नव्हे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ या योजनेत सेवा चार वर्षांची असते आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना कायम केले जाते. म्हणजे चौघांतला कायम होणारा एक आपणच असू असे धरून चालणे धोक्याचे आहे. घरी बसून हिशेब करताना बाकीच्या तिघांचाच हिशेब करावा.

योजना जाहीर झाली तेव्हाच्या तरतुदींनुसार मासिक रक्कम पहिल्या वर्षी ३०,००० रुपये असून चौथ्या वर्षी ती ४०,००० रुपये होते. त्यातील ३० टक्के सेवा निधीत जातात, त्यामुळे पहिल्या वर्षी हातात येतात ते २१,००० रुपये. तेवढीच भर सरकार घालते आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी नाही. सेवाकाळात ४८ लाख रुपयांचे विमासंरक्षण असते. ठरलेली मुदत संपण्याआधी स्वतःहून बाहेर पडण्याची मुभा अपवादात्मक परिस्थितीतच मिळते. कोरडवाहू शेतीच्या घरात ही रक्कम लहान नाही, हे मी मान्य करतो. पण ती मिळेल तेव्हा तू बावीस-तेवीस वर्षांचा असशील आणि त्या पैशातून घराची स्लॅब आणि बहिणीचे लग्न होऊन गेले, तर हातात फक्त बारावीचे प्रमाणपत्र उरेल. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी २०२२ मध्ये १० टक्के आरक्षण जाहीर झाले होते, तिथेही भरतीप्रक्रिया पार करावीच लागते.

म्हणून माझा सल्ला असा, की भरती व्हायची मनापासून इच्छा असेल तर जरूर हो, मात्र पहिल्या वर्षापासून मुक्त विद्यापीठातून पदवीसाठी नोंदणी कर. इग्नूने अग्निवीरांसाठी स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आखला असून त्यात प्रशिक्षणाचे श्रेयांक धरले जातात. पदवी झाली आणि वय बसले, तर सीडीएसमार्गे म्हणजे पदवीधरांसाठीच्या संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेतून अधिकारी होण्याचा रस्ताही उघडा राहतो. भूदलाच्या अग्निवीर भरतीत २०२३ पासून आधी संगणकावरील सामाईक प्रवेशपरीक्षा होते आणि ती मराठीतूनही देता येते, धावणे त्यानंतर. अनेक मुले पहाटे उठून धावतात आणि पेपरातच बाद होतात. तू रोज तासभर अंकगणित आणि सामान्य विज्ञान सोडव, मैदान सुटणार नाही एवढे बघ.

प्रश्न : मुलाला चष्मा आहे. एनडीएसाठी आता लेसिक शस्त्रक्रिया करून घ्यावी का? (एक पालक, हडपसर)

उत्तर : करू नये. वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी केलेली ही शस्त्रक्रिया सैन्यदलांना मान्य नाही आणि एनडीएची वयोमर्यादा त्याआधीच संपते. त्याऐवजी दृष्टी, रंग ओळखणे, कान, दात आणि गुडघ्यांतील अंतर यांची साधी तपासणी आताच करून घ्यावी. कानातला मळ, वाढलेले वजन यांसारख्या सुधारता येण्याजोग्या कारणांनीही मुले तात्पुरती अपात्र ठरतात. अशा निर्णयावर ठरावीक मुदतीत अपील करता येते.

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत शाळेत शिकतो. त्याच्या शाळेत सैन्याची ‘ॲसव्हॅब’ नावाची परीक्षा झाली. ही परीक्षा दिल्याने तो सैन्यात बांधला गेला का? आम्ही सगळे काळजीत आहोत. (एक आजोबा, कोथरूड)

उत्तर : नाही, आजोबा, नुसती परीक्षा दिल्याने तो कशालाही बांधील होत नाही. ही चाचणी १९६८ मध्ये तिथल्या शाळांत सुरू झाली आणि आज ती करिअर मार्गदर्शनासाठीही वापरली जाते. गणित आणि भाषेच्या चार भागांवरून एक शतमक ठरतो. ५० शतमक म्हणजे निम्मे गुण नव्हेत, तर संदर्भगटातील निम्म्या तरुणांइतकी किंवा त्यांच्याहून सरस कामगिरी. ‘नातवाला पन्नासच मिळाले’ म्हणून आपण खट्टू होऊ नये. निकाल सैन्याच्या भरती अधिकाऱ्यांना द्यायचा की नाही, हे तिथली शाळा ठरवते, तेवढे त्याच्या आईवडिलांनी शाळेत विचारून घ्यावे. अठरा वर्षांखालील मुलाला पालकांच्या संमतीविना भरती होता येत नाही. करारावर सही करण्याची वेळ आली, तर पहिल्या करारात सक्रिय आणि राखीव मिळून साधारण आठ वर्षांची बांधिलकी असते, हे त्याने ओळ न ओळ वाचून समजून घ्यावे.

प्रश्न : मी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मुलाने एनडीएला जावे अशी माझी फार इच्छा आहे. तो नाही म्हणत नाही, पण उत्साहही दाखवत नाही. बारावी झाल्यावर एक वर्ष फक्त तयारीसाठी द्यावे का? (एक वडील, देहू रोड)

उत्तर : साहेब, त्याच्या गप्प राहण्यालाच उत्तर समजावे असे मला वाटते. मुलाखत घेणारा अधिकारी घरचे वातावरण, दिनक्रम, मित्र, वडिलांशी असलेले नाते याविषयी एकामागून एक प्रश्न विचारतो आणि दुसऱ्याच्या इच्छेने आलेला मुलगा तिथे फार वेळ लपत नाही. अर्ज त्याने स्वतः भरला का, पहाटे तो आपल्या हाकेविना उठतो का, हे आपल्याला घरबसल्या दिसते. अर्ज आपण भरला असेल आणि हाकही आपणच मारत असाल, तर केवळ तयारीसाठी वर्ष घालवू नये.

त्याने आवडीच्या विषयात पदवीला प्रवेश घ्यावा, एनसीसी असलेले महाविद्यालय निवडावे आणि वय बसेपर्यंत एनडीएची परीक्षा वाटल्यास देत राहावी. कॅम्पमध्ये दहा दिवस राहून आल्यावर मुलांचे मत एका बाजूला झुकते, आणि कोणत्या बाजूला ते त्याला आपल्याआधी कळेल. पदवीनंतर सीडीएस आणि हवाई दलाची एएफकॅट परीक्षा असतेच. शिवाय एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत आणि पदवीला किमान ५० टक्के गुण असले, तर भूदलाच्या एनसीसी विशेष प्रवेशासाठी लेखी परीक्षेविना थेट एसएसबीचे बोलावणे येऊ शकते.