फ्रेंच वाचताना ‘सू’ भेटला तर

एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच कादंबरी वाचायला घेतलीच आहेस, तर आधी ‘सू’ हे जुनं फ्रेंच नाणं पक्कं करून घे. एक सू म्हणजे ५ सांतीम (सांतीम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग), २० सू म्हणजे एक फ्रँक. म्हणून ‘शंभर सू’ असं आलं की सरळ ५ फ्रँक समजायचे. खरं तर १७९५ मध्ये दशमान फ्रँक आला तेव्हाच अधिकृत हिशेबातून सू गेला होता, लोकांच्या तोंडातून मात्र हलला नाही. आपल्याकडे १९५७ नंतरही २५ पैशांना चार आणेच म्हणत राहिले ना, तसंच. गोष्ट फ्रेंच क्रांतीच्या आधीची असेल तर फ्रँकच्या जागी लीव्र हे तेव्हाचं चलन धर.

आजच्या बोलण्यात सू अनेकवचनात आला की अर्थ नुसता ‘पैसे’. ‘सां ल सू’ला मराठीत ‘खिशात दमडी नाही’ झकास बसतं. भाषांतर करताना तिथे सू तसाच ठेवायचा हट्ट नको. पात्र पावाची किंमत मोजत असेल तर मात्र ठेव.

आणि १९६० च्या आसपासचा मजकूर असेल तर जपून. त्या वर्षी १०० जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक झाला, पण बरीच मंडळी पुढे कित्येक वर्षं जुन्यातच आकडे सांगत.