‘स्पीकईझी’ला गुत्ता म्हणावं का?

प्रश्न असा आहे. १९२० च्या दशकातल्या न्यूयॉर्कवरच्या, म्हणजे जॅझयुगावरच्या एका लेखाचं मराठी भाषांतर चालू आहे. त्यात ‘स्पीकईझी’, म्हणजे चोरून, विनापरवाना दारू विकणारा बार, हा शब्द पानोपानी येतो. भाषांतरात एका ठिकाणी ‘गुत्ता’ झालं आहे, दुसरीकडे ‘हातभट्टी’, तिसरीकडे ‘परमिट रूम’. यातलं बरोबर कोणतं? आणि ‘बाथटब जिन’ला ‘टबात गाळलेली जिन’ म्हटलं तर चालेल का?

तिन्ही शब्द काढून टाका. निवेदनात ‘छुपा बार’ लिहावं, पात्रांच्या तोंडी नुसतं ‘अड्डा’ घालावं, आणि शब्द पहिल्यांदा येईल तिथे ‘स्पीकईझी’ तसाच ठेवून शेजारी चार शब्दांत खुलासा करावा. जिनचं म्हणाल तर ती गाळलेली नसायचीच, त्यामुळे तिथेही दुरुस्ती हवी.

आधी गुत्ता. आज आपण कुठल्याही कळकट दारूच्या दुकानाला गुत्ता म्हणतो, पण या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता, ठेका. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही सर्रास ‘गुत्तेदार’ म्हणतात, मग तो रस्त्याचा असो की शाळेच्या इमारतीचा. सरकारकडून दारूविक्रीचा गुत्ता ज्यानं घेतला त्याचं दुकान ते दारूचा गुत्ता. म्हणजे या शब्दाच्या पोटातच सरकारी परवानगी आहे. ‘पिठा’ या शब्दालाही तोच वास आहे. स्पीकईझीचा जन्मच परवाना नसण्यातून झाला. ज्या जागेचं सगळं वैशिष्ट्य ‘परवाना नाही’ हे, तिला ‘मक्त्याची जागा’ म्हणणं म्हणजे अर्थ पार उलटा करणं.

‘परमिट रूम’ची अडचण वेगळी आहे. परमिट आपल्याकडच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलं. त्या कायद्यानं पिणाऱ्यालाही परवाना लागतो. अमेरिकेत तसं नव्हतं, आणि मराठी लेखनात सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. ‘अमेरिकेत दारू पिण्यावर बंदी आली’ असं सरसकट लिहिलं जातं. १७ जानेवारी १९२० पासून लागू झालेल्या अठराव्या घटनादुरुस्तीनं दारू तयार करणं, विकणं, वाहून नेणं, आयात-निर्यात करणं बंद केलं. पिणं हा गुन्हा नव्हता. बंदी येण्याआधी घेऊन ठेवलेला साठा स्वतःच्या घरी बसून खुशाल पिता येत होता. डॉक्टरच्या चिठ्ठीवर दहा दिवसांतून एक पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरला जरा कमी, औषधी व्हिस्की मिळे. दारू म्हणजे काय, हे ती घटनादुरुस्ती राबवण्यासाठी केलेल्या व्होलस्टेड कायद्यानं ठरवलं: ज्यात अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोल, ती. त्यामुळे साधी बिअरसुद्धा त्यात सापडली. ही घटनादुरुस्ती रद्द झाली ५ डिसेंबर १९३३ ला.

हा तपशील भाषांतरकारानं मनात पक्का ठेवायला हवा, कारण त्यावर क्रियापदं ठरतात. स्पीकईझीवर धाड पडली की मालक, बारवाला, फार तर वेटर सापडत. गिऱ्हाइकं बहुधा घरी जात. विकत घेणारा या कायद्यानं दोषी ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टानंही १९३० मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा ‘धाडीत पन्नास तळीरामांना अटक’ असं काही आपल्या बातम्यांच्या सवयीनं लेखणीतून उतरलं, तर मूळ मजकूर पुन्हा बघा. पोलीस कुठले तेही बघा. न्यूयॉर्क राज्यानं दारूबंदी राबवण्याचा आपला स्वतःचा कायदा १९२३ मध्येच रद्द केला होता. त्यानंतर तिथे हे काम मुख्यत्वे केंद्राच्या माणसांवर पडलं, आणि ती बरीच वर्षं अर्थखात्याच्या महसूल विभागात होती. म्हणून त्यांना ‘पोलीस’ न म्हणता ‘दारूबंदी खात्याचे अंमलदार’ म्हणावं. ‘अबकारी अंमलदार’ हा जुना शब्दही इथे फार चपखल बसतो.

‘हातभट्टी’ हा शब्द उत्तम, पण तो इथला नाही. हातभट्टी म्हणजे दारू गाळण्याची चोरटी सोय, आणि तिथून निघालेली दारूही. तो शब्द ‘मूनशाईन’साठी राखून ठेवा. अपलाचियन डोंगरांत, केंटकी-टेनेसीच्या बाजूला, मक्याच्या भरड्यात साखर घालून आंबवायचं, तांब्याच्या भांड्यात उकळायचं, वाफ वेटोळ्या नळीतून गार पाण्यातून न्यायची आणि थेंब धरायचे. ही आपली हातभट्टीच झाली. आंबवलेल्या लगद्याला मराठीत काय म्हणायचं म्हणून अडू नका. आपल्या पोलिसांच्या बातमीत रोज येतो तोच शब्द, ‘रसायन’. ‘दोनशे लिटर कच्चं रसायन नष्ट केलं’ हे कुठल्याही मराठी वाचकाला समजतं. मात्र त्या ओघात गूळ आणि नवसागर केंटकीत नेऊ नका. ते आपल्या भट्टीचे.

आता मूळ शब्दाकडे. ‘स्पीक ईझी’ म्हणजे ‘हळू बोला’. ‘ईझी’चा ‘सोपं’ हा अर्थ इथे लागत नाही. मराठीचं भाग्य असं की आपल्या ‘हळू’लाही हेच दोन पदर आहेत: सावकाश आणि दबक्या आवाजात. हा शब्द दारूबंदीत जन्मला असं समजतात, पण तो तिच्याहून तीसेक वर्षांनी तरी जुना आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यानं १८८० च्या दशकाच्या शेवटी दारूविक्रीच्या परवान्याची फी ५० डॉलरवरून एकदम ५०० डॉलर केली. छोट्या दुकानदारांना ती परवडेना, त्यांनी मागच्या दारानं विक्री चालू ठेवली, आणि त्या काळातल्या तिथल्या वर्तमानपत्रांत हा शब्द दिसू लागला. म्हणजे तो आला परवाना न परवडण्यातून, बंदी आली ती मागाहून. गुत्ता इथे का चालत नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही.

याच अर्थी ‘कुजबूजघर’ असा नवा शब्द घडवण्याची सूचना कोणी करेल. शब्द गोड आहे, पण कोणाच्या तोंडी बसणारा नाही. ‘स्पीकईझी’ हा लोकांनी वापरून घासलेला, रस्त्यावरचा शब्द आहे, आणि त्याच्या जागी येणारा मराठी शब्दही तसाच वापरलेला हवा. ‘अड्डा’ तसा आहे. त्यात जमणं आहे, चोरटेपणा आहे, आणि जुगारापासून गप्पांपर्यंत सगळं त्यात मावतं. मुंबईकराला आणखी एक शब्द आठवेल, दारूबंदीच्या काळातला ‘आंटीचा अड्डा’: कोणाच्या तरी घरातली बाहेरची खोली, ओळखीची थाप, मग दार उघडणार. व्यवहार अगदी तोच. पण ‘आंटी’ म्हटलं की गिरगाव-वांद्रे डोळ्यांसमोर येतं आणि मॅनहटन पुसलं जातं. तेव्हा ‘आंटी’ मुंबईत राहू द्यावी आणि तिचा ‘अड्डा’ तेवढा घ्यावा.

प्रत्येक अड्डा तळघरातला अंधारा कोंदट असे, असंही नाही. मॅनहटनमध्ये बावन्नाव्या रस्त्यावर २१ नंबरच्या घरात जॅक क्रिंडलर आणि चार्ली बर्न्स यांचा ‘ट्वेंटी-वन’ होता. उत्तम जेवण, प्रतिष्ठित गिऱ्हाईक. धाडीची चाहूल लागली की एक खटका दाबायचा, बारमागच्या फळ्या कलंडायच्या आणि बाटल्या घसरगुंडीवरून थेट गटारात. खरा साठा तळघरात, दोन टनांहून जड दाराआड. ते दार विटांच्या भिंतीसारखं दिसायचं आणि एका ठरावीक फटीत लांब बारीक सळई घातली की उघडायचं. त्यातली खुबी अशी की ते तळघर शेजारच्या १९ नंबरच्या घराखाली होतं. ‘या घरात दारू नाही’ हे नोकरांचं उत्तर अक्षरशः खरं असे. अशा जागेला ‘गुत्ता’ म्हटलं तर वाचकाला बाकडं, पेले आणि उकडलेली अंडी दिसतील.

बायकांचाही मुद्दा आहे. आधीचं अमेरिकी दारूघर पुरुषांचं होतं. स्पीकईझीत बायका आल्या, टेबलं आली, नाच आला, पियानो आला, बँड आला. जॅझवाल्यांना रात्रीचं काम मिळालं ते या दारूच्या पैशावर. पण म्हणून प्रत्येक जॅझ क्लबाला ‘छुपा बार’ म्हणायचं नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात लेनॉक्स ॲव्हेन्यूवरचा कॉटन क्लब ओनी मॅडन या गुंडाचा होता, दारू तिथेही बेकायदाच विकली जाई, पण १९२७ च्या डिसेंबरपासून तिथे वाजवणाऱ्या ड्यूक एलिंग्टनचा बँड रेडिओवरून देशभर ऐकू येत होता. रेडिओवर वाजणारी जागा छुपी कसली? तिला ‘नाइटक्लब’च म्हणा. आणि तिथे कलावंत काळे, प्रेक्षक मात्र फक्त गोरे, हा नियम भाषांतरात गाळू नका.

त्या आधीच्या दारूघराचं इंग्रजी नाव ‘सलून’. ते मराठीत तसंच लिहिलं की वाचक केस कापायला बसतो. ओहायोत १८९३ मध्ये स्थापन झालेल्या अँटी-सलून लीगला ‘सलूनविरोधी संघ’ म्हटलं तर ही मंडळी न्हाव्यांच्या मागे का लागली, ते कळणार नाही. इथे ‘दारूघर’ वापरावं.

एक वाक्प्रयोग मात्र आयता जुळतो. १९२५ मध्ये न्यूयॉर्कचे सरकारी वकील एमरी बकनर यांनी खटल्यांत वेळ घालवण्याऐवजी अड्ड्यांच्या जागाच वर्षभरासाठी बंद करण्याचे हुकूम मिळवायला सुरुवात केली. त्या काळच्या लेखनात याला ‘पॅडलॉक’ करणं म्हणत. मराठीत ‘टाळं ठोकणं’ आहेच. मात्र टेक्सास गायनन ही क्लबची प्रसिद्ध यजमानीण गळ्यात छोट्या पॅडलॉकांची माळ घालून मिरवायची, तिथे ‘कुलपांची माळ’ लिहा. हुकूम असेल तर टाळं, वस्तू असेल तर कुलूप.

राहिली जिन. ‘गाळणे’ म्हणजे उकळून वाफ धरणं. बाथटब जिनमध्ये ते घडतच नसे. कारखान्याचं स्पिरिट, त्यात जवळपास तेवढंच पाणी, जुनिपर या झुडपाच्या तेलाचे थेंब, घशाला मऊ लागावं म्हणून थोडं ग्लिसरीन. झाली जिन. मोठी उंच बरणी बेसिनच्या नळाखाली मावत नसे, म्हणून ती टबाच्या नळाखाली भरत. तेव्हा ‘घरी मिसळलेली जिन’ किंवा ‘टबाच्या नळाची जिन’ म्हणा. गफलत व्हायची ती स्पिरिटात. ते पिऊ नये म्हणून सरकारच्या हुकमानं त्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल घालत, आणि १९२७ च्या सुमारास त्याचं प्रमाण वाढवलं. चोरटे धंदेवाले ते पुन्हा उकळून वेगळं करू बघत, पण मिथेनॉल आणि पिण्याचं अल्कोहोल यांच्या उत्कलनबिंदूंत जेमतेम चौदा अंशांचं अंतर, त्यामुळे काही अंश राहूनच जाई. माणसं आंधळी होत, मरत. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी त्याविरुद्ध उघड आवाज उठवला. अशा जागी ‘भेसळ’ हा शब्द सौम्य पडतो. ‘विषारी दारू’ लिहा.

व्याकरणाचं थोडं. बार, क्लब, अड्डा सगळे पुल्लिंगी, म्हणून ‘तो स्पीकईझी’. अनेकवचन ‘हत्ती’सारखं, बदल न होता: ‘रस्त्यावर चार स्पीकईझी होते’. ‘स्पीकईझ्या’ करू नका. विभक्तीत ‘स्पीकईझीत’, ‘स्पीकईझीला’.

या प्रकारची वाक्यं भाषांतरात येतात: ‘पोलिसांनी सलूनशेजारच्या गुत्त्यावर छापा घालून दारू पिणाऱ्यांना पकडलं, टबात गाळलेली जिन ओतून टाकली आणि गुत्ता पॅडलॉक केला.’ ते असं व्हावं: ‘दारूबंदी खात्याच्या अंमलदारांनी जुन्या दारूघराशेजारच्या अड्ड्यावर धाड घातली. मालक आणि बारवाला सापडले, गिऱ्हाइकं कोट चढवून निघून गेली. घरी मिसळलेली जिन गटारात ओतली, आणि पुढे कोर्टाच्या हुकमानं अड्ड्याला वर्षभरासाठी टाळं ठोकलं.’