शंका-समाधान : पायवाटेवरची चिचुंद्री

प्रश्न : मेढ्याच्या वरच्या उतारावर आमचे शेत आहे. पायवाटेवर अंगठ्याएवढी, करडी, लांब नाकाची दोन जनावरे मेलेली दिसली. अंगावर जखम नव्हती. ही उंदराची पिल्ले की डोंगरातली दुर्मीळ चिचुंद्री? – शेतकरी वाचक, ता. जावळी

उत्तर : उंदीर नक्कीच नव्हेत. उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे असतात आणि मागे मोकळी जागा असते. चिचुंद्रीचे दात टोकदार, सलग. पुढच्या पायाला पाच बोटे. ती किडे खाते आणि साळिंदराला नव्हे, साध्या काटेरी जाहकाला (हेजहॉगला) जवळची आहे.

घरातल्या चिचुंद्रीचे पिल्लू २-३ ग्रॅमचे असते तेव्हा ते उघडे, डोळे मिटलेले असते. अंगावर पूर्ण केस, डोळे उघडे आणि वजन तेवढेच, तर ती एट्रस्कन चिचुंद्री असू शकते. वजनाने जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी म्हणजे हीच. भूमध्य समुद्राच्या काठापासून आपल्याकडेपर्यंत पसरलेली असल्याने आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती कमी चिंतेच्या गटात आहे. ‘धोक्यात’ गणली जाते ती डे यांच्या नावाची चिचुंद्री, पण तिचे घर दक्षिण सह्याद्रीतली उंचावरची शोला जंगले, म्हणजे डोंगरघळींतली सदाहरित रानं. म्हणून ‘दुर्मीळ’ म्हणण्याची घाई नको. मृत प्राणी हाताळू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून बाजूने फोटो काढा. दात, शेपूट आणि मागचे पाऊल नीट दिसू दे. तारीख, जागा लिहून वनरक्षकाला द्या.

जखम का नाही? मांजर-कुत्रे चिचुंद्री मारतात, पण अंगाच्या ग्रंथींच्या वासामुळे बऱ्याचदा खात नाहीत, तिथेच टाकतात. दुसरे कारण भूक. एट्रस्कन चिचुंद्री दिवसाला स्वतःच्या वजनाच्या दीड-दोन पट खाते, हृदय मिनिटाला दीड हजार ठोक्यांपर्यंत जाते. काही तास खाणे मिळाले नाही की जीव जातो. त्यामुळे पकडून डब्यात ठेवणे म्हणजे मारणेच.

जपायचा असतो तो ओला पालापाचोळा. तिचे किडे, कोळी त्यातच असतात. फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात तो थर जळतो आणि जनावर वाचले तरी उपाशी मरते. गवत चांगले फुटावे म्हणून उतार पेटवणे बंद झाले पाहिजे, याबाबत आमचे मत ठाम आहे. वनखात्याच्या सल्ल्याने गवत सुकण्याआधी बांधालगत जाळरेषा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) काढा, झाडांखालचा पाला झाडू नका, दगडी ताली मोडू नका.

आणि काचेच्या बाटल्या! कास, महाबळेश्वरच्या वाटांवर पर्यटक टाकतात त्या. तळाच्या गोड थेंबांवर किडे येतात, किड्यांमागे चिचुंद्री आत शिरते. तोंड वर असले की गुळगुळीत काचेवर नखे धरत नाहीत. पावसाचे पाणी साचले तर बुडून मरते. बाटली उचलताना आत पाहा. केस, कवट्या दिसल्या तर बाटली तशीच वनखात्याकडे द्या. कवटीच्या दातांवरून प्रजाती ओळखता येते.

प्रश्न : तासगावात बेदाण्याच्या गोदामात चिचुंद्र्या फिरतात. उंदराचे औषध ठेवावे का? – वाचक, जि. सांगली

उत्तर : नको. ती पोती कुरतडण्यापेक्षा झुरळे शोधते. शिवाय विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने खाल्ला तर घुबडही दगावते. दाराखालची फट पत्र्याने बंद करा, नळांभोवतीची भोके सिमेंटने बुजवा, सांडलेला माल रोज उचला. गोंदाचे कागद तर अजिबात लावू नका. त्यात पाली आणि पक्षीही अडकतात.