समितीसाठी माणसं शोधताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

व्यापार आणि कस्टम्स सल्लागार समितीवर उद्योगांचे प्रतिनिधी नेमायचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. मागच्या वेळची जाहिरात काढून तिच्यातल्या तारखा बदल, एवढंच तुला सांगितलं आहे म्हणतेस. तसं केलंस तर फाइल वेळेत पुढे सरकेल, अर्जही येतील. पण ते जुन्याच मंडळींचे येतील, म्हणजे ज्यांना अशा समित्यांची वाट आधीपासून ठाऊक आहे त्यांचे. म्हणून जाहिरातीला हात लावण्याआधी थोडं ऐकून घे.

या समित्या कुणाच्या मर्जीने बसलेल्या नाहीत. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार 22 फेब्रुवारी 2017 रोजी अमलात आला. त्याच्या कलम 23.2 प्रमाणे प्रत्येक सदस्य देशाला व्यापार सुलभीकरणाची राष्ट्रीय समिती ठेवावी लागते. नवे नियम लागू होण्याआधी व्यापाऱ्यांना शक्य तिथवर मत मांडू द्यावं आणि सीमेवरच्या यंत्रणांनी त्यांच्याशी नियमित बोलावं, हे कलम 2 मध्ये आहे. कस्टम्सच्या कार्यपद्धतींबद्दलच्या सुधारित क्योटो करारात तर कस्टम्सने व्यापाराशी औपचारिक सल्लामसलतीचे संबंध ठेवावेत, हे मानक म्हणूनच नोंदवलेलं आहे. मात्र त्या खुर्च्यांवर नेमकं कोण बसणार, हे करार सांगत नाहीत. ते तुझ्या टेबलावर ठरणार आहे.

सुरुवात नावांपासून करू नकोस. एक खेप डोळ्यांसमोर आण आणि ऑर्डर दिल्यापासून गोदामात उतरेपर्यंत ती कुणाकुणाच्या हातून जाते ते लिहून काढ. आयातदार आणि निर्यातदार तुला लगेच आठवतील. शिपिंग लाइन, विमान कंपनी आणि कस्टम्स ब्रोकरही आठवतील. त्यानंतर थांबायला होतं, आणि नेमकी तिथून पुढची माणसं राहून जातात: मालवाहतुकीची सगळी व्यवस्था लावून देणारा फ्रेट फॉरवर्डर, अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरणारा कन्सॉलिडेटर, टर्मिनल चालवणारा, बॉण्डेड गोदामाचा, म्हणजे शुल्क भरेपर्यंत माल ठेवायच्या गोदामाचा व्यवस्थापक, कुरिअरने रोज हजारो लहान पार्सलं आणणारा, शुल्काची हमी देणारी बँक. या सगळ्यांना जागा देता येणार नाही. पण कोण सुटलं हे तुला माहीत असलं पाहिजे, म्हणजे पुढच्या मुदतीत तरी त्यांचा विचार होईल.

कोण सुटलं याने काय फरक पडतो, ते एका बैठकीत मी जवळून पाहिलं आहे. माल जहाजावर चढण्याआधी त्याचा पूर्ण तपशील कस्टम्सला मिळावा, असा नियमाचा मसुदा समोर होता. मोठ्या आयातदारांचा अख्खा कंटेनर स्वतःचाच, तपशील हाताशी तयार. त्यांनी मान डोलावली. शिपिंग लाइनवाल्यांनाही अडचण नव्हती. इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहायचं तेवढं राहिलं होतं. तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका कन्सॉलिडेटर बाईंनी विचारलं, "आमच्या एका कंटेनरमध्ये दहा-पंधरा जणांचा माल असतो. त्यातल्या एकाने वर्गीकरणाचा कोड, म्हणजे शुल्कासाठी माल कुठल्या प्रकारात मोडतो तो आकडा, उशिरा कळवला, तर बाकीच्यांचा माल धक्क्यावर ठेवायचा का?" याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मसुदा परत गेला आणि प्रत्येक हाऊस बिलाचा, म्हणजे एकेका ग्राहकाच्या मालाच्या वाहतूक-पावतीचा तपशील कन्सॉलिडेटरने स्वतंत्रपणे भरायचा, अशी सोय होऊन आला. त्या बाई त्या खुर्चीवर नसत्या, तर हा प्रश्न नियम लागू झाल्यावर लहान आयातदारांच्या डेमरेजच्या, म्हणजे माल बंदरात अडकून पडल्याच्या आकाराच्या बिलांतून कळला असता.

अर्जात अनुभवाची वर्षं, पद आणि कंपनीची उलाढाल विचारतात, ते तसंच राहू दे. त्यात एक प्रश्न मात्र जरूर घाल: तुमच्या कंपनीला होत नाही, पण तुमच्या क्षेत्रातल्या इतरांना होते अशी एक अडचण लिहा. या एका प्रश्नाने मला माणसं जशी ओळखू आली तशी कुठल्याच शिफारसपत्राने नाही. एका मोठ्या कंपनीच्या उपाध्यक्षांनी उत्तरादाखल कंपनीला मिळालेल्या पुरस्कारांची यादी जोडली होती. एका गोदाम व्यवस्थापकाने चार ओळी लिहिल्या होत्या: तपासणीसाठी नमुना काढताना थंड ठेवायच्या औषधांच्या कच्च्या मालाचं खोकं उघडतात, ते पुन्हा नीट सील करायची जबाबदारी कुणावरच नाही, प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत माल खराब होतो आणि आयातदार वाहतूकदाराशी भांडत बसतो. त्याच्या गोदामात तसला माल येतही नव्हता. शेजारच्या गोदामात काय चाललंय ते त्याने पाहून ठेवलं होतं. असा माणूस मिळाला की सोडू नकोस.

संघटनेचा प्रतिनिधी घ्यावा की एकटा माणूस, असं तू विचारलं आहेस. थोडे थोडे दोन्ही घे. संघटनेचा माणूस निरोप शेकडो सभासदांपर्यंत नेतो, हा मोठा फायदा. पण सगळ्या सभासदांना मान्य असेल तेवढंच त्याला बोलता येतं, त्यामुळे धारदार मुद्दा बऱ्याचदा त्याच्या तोंडून येत नाही. एकटा माणूस मोकळेपणाने बोलतो, मात्र तो स्वतःच्या कंपनीचं घोडं दामटणार नाही ना, हे बघावं लागतं. नेमणूक कुणाचीही असो, ती नावाने कर. बदली माणूस चालणार नाही हे नेमणूकपत्रातच लिही. नाहीतर दुसऱ्या बैठकीपासून कनिष्ठ अधिकारी येऊन टिपणं घेतील आणि 'वरिष्ठांना विचारून सांगतो' म्हणतील.

जे अर्ज करत नाहीत त्यांच्याकडे तुला स्वतः जावं लागेल, आणि तुझा जास्तीत जास्त वेळ तिथे जावा असं मला वाटतं. लहान आयातदाराला भीती असते की समितीत तोंड उघडलं तर आपल्या फायली उघडल्या जातील. ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नकोस. समितीत मांडलेल्या तक्रारीचा तपासणी किंवा ऑडिटच्या निवडीशी काहीही संबंध राहणार नाही, हे खात्याच्या प्रमुखाच्या सहीने लेखी घे आणि जाहिरातीसोबत छाप. तू तोंडी दिलेल्या आश्वासनावर कुणी विसंबणार नाही, आणि विसंबावं अशी अपेक्षाही करू नये. दुसरी अडचण वेळेची. मानधन नाही, प्रवासखर्च मिळेल की नाही, वर्षाला किती बैठका, प्रत्येक बैठकीआधी किती कागद वाचावे लागतील, हे सगळं खरं खरं सांग. अमेरिकेच्या कस्टम्सची अशी समिती 1987च्या कायद्यातून उभी राहिली. तिच्यावर खासगी क्षेत्रातले 20 सदस्य असतात आणि त्यांना या कामाचा पगार मिळत नाही. तरीही अनुभवी माणसं तिथे जातात, कारण नियमाचा मसुदा पक्का होण्याआधी तो पाहायला आणि त्यावर बोलायला मिळतं. तुझ्याकडेही देण्यासारखं तेवढंच आहे, आणि ते पुष्कळ आहे.

छाननी करताना एका बाबतीत घाई करू नकोस. अर्जदाराला पूर्वी कस्टम्सचा दंड झाला आहे असं दिसलं की काहीजण अर्ज थेट बाजूला काढतात. आधी दंड कशाचा ते बघ. मालाचं वर्गीकरण कुठल्या शीर्षकाखाली करायचं किंवा मूल्यांकन कसं धरायचं, यावर प्रामाणिक मतभेद होतात आणि त्यातून दंडही होतो. ते प्रकरण अपिलापर्यंत लढवलेल्या माणसाला नियमांतल्या भेगा इतरांपेक्षा बऱ्या ठाऊक असतात. खोटी कागदपत्रं किंवा माल लपवणं असेल तर मात्र विषय संपला. चौकशी चालू असेल तर ती संपेपर्यंत नेमणूक थांबव आणि कारण त्याला सरळ कळव.

हितसंबंधांचं निवेदन नेमणुकीआधी घे, नंतर नको. शुल्कात होऊ घातलेला बदल चार दिवस आधी कळला तर त्यावर कुणीही पैसा कमावू शकतो. म्हणून कोणता कागद गोपनीय आणि कोणता आपल्या संघटनेच्या सभासदांना दाखवायचा, हे पहिल्या दिवशी स्पष्ट असू दे. एकमेकांचे स्पर्धक एका टेबलाशी बसणार असल्याने किमती आणि ग्राहकांविषयी बोलणं त्या खोलीत होता कामा नये, हेही लेखी हवं.

शेवटचं काम भरतीचं वाटणार नाही, पण भरतीचं यश त्यावरच अवलंबून आहे. मागच्या समितीने केलेल्या शिफारशी काढ. प्रत्येकीपुढे खात्याने काय केलं ते लिही: मान्य केली, अंशतः केली, नाकारली आणि का. ही यादी जाहिरातीसोबत प्रसिद्ध कर. नाकारलेल्या जास्त असल्या तरी कर. चांगल्या माणसाला नकार चालतो. उत्तरच न मिळालेल्या सल्ल्यासाठी तो पुन्हा वेळ काढत नाही, आणि ओळखीतल्या इतरांनाही नको म्हणून सांगतो. फायलींमध्ये काही शिफारशींपुढे कोरी जागा असेल. संबंधित विभागाकडे जाऊन त्यांचं उत्तर मागून घे. ते टाळतील, तरी मागत राहा. तुझ्या वरिष्ठांना ही यादी छापणं जड वाटलं, तर कराराच्या कलम 2 ची प्रत सोबत ने. हे बोलणं तू केलंस तर ऐकलं जाईल, कारण काम तुझ्याकडे आहे.

अर्जाचा नमुना तयार झाला की मला पाठव. मी मुख्यतः त्या अडचणीच्या प्रश्नाची शब्दरचना बघेन, आणि उत्तराला किती जागा ठेवली आहेस ते. अर्ध्या पानाहून जास्त देऊ नकोस.

तुझी,
मावशी