२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे हे संगणकाशिवाय कसं सिद्ध झालं?

गणितज्ञ ऑयलरने, १७७२ मध्ये. ही संख्या म्हणजे २^३१ − १. वर्गमूळ ४६,३४० च्या जरा पुढे, म्हणजे सरळ भागत बसलं तर जवळजवळ ४,८०० मूळ संख्या तपासाव्या लागतात. पण हिला मूळ विभाजक असलाच, तर त्यातून १ वजा करून ६२ ने पूर्ण भाग जायला हवा. शिवाय ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरायला हवी. मग उरतात फक्त २४८क + १ आणि २४८क + ६३ या रूपातल्या संख्या (क म्हणजे ०, १, २... अशी कोणतीही पूर्ण संख्या), उदाहरणार्थ ३११. अशा पावणेचारशेही नाहीत, आणि त्यातल्याही बऱ्याच मूळ नसल्यामुळे बाद! खरी करामत या चाळणीत आहे, भागाकार काय कोणीही करेल.

हिला २^३० ने गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच येते अशी संख्या. प्रोग्रामिंगवाल्यांना ही ३२ बिटांच्या चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही चालणाऱ्या) पूर्णांकाची कमाल किंमत म्हणून पाठ असते.